सुजलपूरची शेवटची पानं

मुंजाबाच्या खांद्यावर चावी दिसली की उस्मानपुऱ्याच्या त्या गल्लीत बायका तव्यावरची पोळी तशीच सोडून दाराशी यायच्या. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. छातीपर्यंत येणारी जाड लोखंडी सळई, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. ती रस्त्यातल्या चेंबरात घालून पिळली की जमिनीखालचा वॉल उघडतो आणि गल्लीला पाणी सुटतं. शहरात नगरसेवक शंभरावर असतील, पण बायांच्या हिशेबी खरं सरकार चावीवाल्याचं. पाणी सुटलं त्या दिवशी तो ‘मुंजाभाऊ’ असायचा आणि आलं घातलेला चहा मिळायचा. पाळी चुकली त्या दिवशी ‘कुठं मेला तो मुंज्या’ असा पुकारा व्हायचा. माणूस तोच, चावी तीच. मुंजाबा दोन्ही हसून घ्यायचा. नावं ठेवतात म्हणजे वाट बघतात, असा त्याचा सरळ हिशेब होता.

मूळचा तो दौलताबादकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाप शंभर मेंढरं नुसत्या शिट्टीवर वळवायचा. मग शहर वाढत वाढत त्यांच्या चराईपर्यंत आलं, माळावर चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट झाले, आणि मेंढरांना तोंड घालायला जागा उरली नाही. कळप विकला गेला. मुंजाबा शहरात आला, पाणीपुरवठ्यात रोजंदारीवर लागला, आणि बाप मेंढरं वळवायचा तसा हा पाणी वळवू लागला. चावीच्या मुठीला कान लावून पाणी कुठवर आलंय हे तो सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत त्याला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे कायम झाल्याची ऑर्डर. दर दिवाळीला कुणीतरी सांगायचं, आता होतीय. दिवाळी व्हायची, ऑर्डर राहायची.

ही गोष्ट दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातली, लातूरला रेल्वेनं पाणी गेलं त्या सालची. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. जायकवाडीनं तळ दाखवला होता आणि लोक एकमेकांना भेटल्यावर ‘कसं काय’ऐवजी ‘तुमच्याकडं कधी सुटलं’ असं विचारत होते.

त्या गल्लीचं चेंबर नेमकं सरोजिनीबाईंच्या फाटकासमोर होतं. बाई शाळेतून मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी मागे ठेवलं काय, तर एक मोडका छत्रीदांडा आणि दोन पेट्या पुस्तकं. दर उन्हाळ्यात बाई त्या पुस्तकांना ऊन दाखवायच्या, कारण पेट्यांना वाळवी लागायची. गल्लीचं पाणी पन्नास मिनिटं चालायचं. तेवढा वेळ मुंजाबाला वॉल सोडून हलता यायचं नाही, म्हणून तो बाईंच्या पायरीवर बसायचा. असाच बसला असताना त्याला उन्हात पसरलेल्या पुस्तकांत एक चित्र दिसलं. छत्रीखाली लठ्ठ राजा, हातात सोन्याचा तांब्या, आणि तांब्या उपडा.

‘‘बाई, ह्यो राजा कोण?’’

‘‘सुजलपूरचे महाराज. माझ्या वडलांचं लाडकं पुस्तक होतं हे. वाचून दाखवू?’’

मुंजाबा चौथी पास. बोट फिरवत वाचायचा, पण एका ओळीला एक चहा संपायचा. त्यानं मान हलवली आणि बाईंनी शाळेतल्या आवाजात सुरुवात केली. ‘‘महाराजांनी फर्मान काढिले की, यापुढे राज्यात कोणी दुष्काळ हा शब्द उच्चारू नये. उच्चारणे भागच पडल्यास उन्हाचा किंचित दीर्घ मुक्काम असे म्हणावे.’’

मुंजाबा इतका हसला की टेकवून ठेवलेली चावी रस्त्यावर आडवी पडली. ‘‘अवो बाई, हे तर आमच्या मंगळवारच्या मिटिंगमधी झालं! सर्जेरावसाहेब म्हनले, टंचाई म्हणायचं नाय, नियोजन म्हणायचं. हे लिहिणारे साहेब कोणत्या झोनला होते?’’

‘‘अहो, हे पुस्तक छापलं तेव्हा तुमचे वडीलही जन्मले नसतील.’’

मुंजाबाला ते काही पटलं नाही. इतकं आतलं बाहेरच्या माणसाला कसं ठाऊक? त्यानं डेपोतल्या सगळ्यांत जुन्या फिटरला, पुंजारामला, चौकशीही केली की आपल्या खात्यात कुणी पुस्तक लिहिणारे साहेब होते काय. पुंजाराम बिडी विझवत म्हणाला, ‘‘असंल एखादा. सस्पेंड केला असंल.’’ त्यामुळे मुंजाबाची खात्रीच झाली. पुढच्या पाळीला त्यानं बाईंना सांगितलं की लेखकाला सस्पेंड केलं होतं.

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. त्या काळी खऱ्या सरकारचं नाव घेऊन लिहायची सोय नव्हती. लिहिलं असतं तर लेखकाला बेड्या पडल्या असत्या. म्हणून त्यानं नकाशावर नसलेलं एक संस्थान काढलं, त्यात खोटा राजा बसवला, आणि एक टोपी शिवून वेशीवर टांगून ठेवली. ज्याच्या डोक्याला बसेल त्यानं घालावी.

‘‘आमच्या साहेबाला तर माप घेऊन शिवल्यावानी बसती,’’ मुंजाबा म्हणाला.

हे सर्जेरावसाहेब त्याच भागाचे नगरसेवक. अंगानं भरदार, बोलायला गोड, आणि खिशाला कायम दोन पेनं, एक सहीचं आणि एक शोभेचं. मुंजाबा मनातल्या मनात त्यांना ‘महाराज’ म्हणू लागला. पुढे ते डेपोतही पसरलं. कनिष्ठ अभियंता आला की पुंजाराम म्हणायचा, ‘‘दिवाणजी आले, बिड्या विझवा.’’ पुस्तक एकानंही पाहिलं नव्हतं, पण संस्थान सगळ्यांच्या ओळखीचं झालं होतं.

तर असं ठरूनच गेलं. एका पाळीला एक प्रकरण. पण दुष्काळ वाढला तशी कादंबरीही लांबायला लागली. आधी चौथ्या दिवशी पाणी सुटायचं, मग सहाव्या, मग आठव्या. आठ आठ दिवस मुंजाबा महाराजांच्या काळजीत असायचा.

एका प्रकरणात महाराजांच्या वाढदिवसाची जलतुला होती. महाराजांच्या वजनाइतकं पाणी रयतेला वाटायचं ठरलं, तेव्हा महाराजांनी आदल्या दोन दिवसांचा कडक उपास धरला. मुंजाबानं मांडीवर थाप मारली. त्याच महिन्यात सर्जेरावांचा वाढदिवस झाला होता. त्यांनी वस्तीला एक टँकर पाठवला होता. टँकरवर त्यांचा फोटो एवढा थोरला लावला होता की टँकरचा वॉल त्याखाली झाकला गेला, आणि पाणी काढण्यासाठी साहेबांच्या मिशीला भोक पाडावं लागलं.

ही वस्ती म्हणजे खडकवस्ती. मुंजाबाची थोरली बहीण दगडाबाई तिथंच राहायची. मेंढरं गेल्यावर माळावरची सारी भावकी शहराच्या कडेला दगडांवर पत्रे टाकून राहिली होती. गडीमाणसं मिळेल त्या कामावर आणि बाया बांधकामावर. दगडाबाईचा लेक बजाजनगरात कारखान्यात ठेक्यावर होता, सून रत्नमाला घरी. वस्तीची पाळी आठव्या दिवसाची. सातव्या दिवशी दगडाबाई ड्रममध्ये वाकून तळाचं पाणी वाटीनं काढायची आणि भावाच्या नावानं बोटं मोडायची.

जूनच्या सुरुवातीला बाईंनी कारंज्याचं प्रकरण वाचलं. सुजलपुरात बडा साहेब यायचा होता. महाराजांनी वाड्यापुढं संगमरवरी कारंजं बांधलं, पण उडवायला पाणी कुठून आणायचं? गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, ती गवळीवाड्याची. महाराजांनी पखालवाल्याला बोलावून हुकूम दिला की विहीर उपसून कारंजं भर. कातडी पखाल भरून तो निघाला. वाटेत गवळीवाड्यातली माणसं रिकाम्या घागरी घेऊन उभी होती. एकीकडं घागरी, दुसरीकडं कारंजं. ‘‘पखालवाला मध्यावर थबकला,’’ इथपर्यंत वाचून बाईंनी पान उलटलं आणि थांबल्या. पुढची पानं नव्हती. वाळवीनं त्यांचा भुगा करून टाकला होता.

‘‘आन् मंग?’’ मुंजाबानं विचारलं.

‘‘मग वाळवी,’’ बाई म्हणाल्या.

त्या नादात त्या दिवशी गल्लीला पाणी दहा मिनिटं जास्त मिळालं.

चौथ्या दिवशी सर्जेरावांनी मुंजाबाला बोलावलं. खडकवस्तीजवळ नवी टाकी उभी राहिली होती. उंच, पांढरी, वस्तीसाठीच मंजूर झालेली. तिच्या समोरच सर्जेरावांचा नवा लेआऊट पडला होता. कमान झाली होती, प्लॉटला नंबर पडले होते, नमुन्याच्या बंगल्यापुढं हिरवळ लावली होती. कमानीपाशी कारंजं होतं. टाकीच्या उद्घाटनाला शुक्रवारी मंत्री यायचे होते.

‘‘अपना आदमी है तू, मुंजाबा,’’ सर्जेराव म्हणाले. ‘‘मंत्रीसाहेबांनी उद्घाटन केलं की कारंजं पुरुषभर उडालं पाहिजे. आन् गर्दी हटली की बाकी पाणी लेआऊटच्या लाईनला. हिरवळ जळायली तिथली.’’

‘‘साहेब, टाकीत जेवढं साठतंय ते वस्तीच्या पाळीचं. वस्तीचा शुक्रवारी आठवा दिवस हाय.’’

‘‘मंग आता पुढच्या पाळीला घेतील की. आठ दिस काढले, अजून आठ काढतील. टेन्शन नको लेऊ.’’ त्यांनी खिशातलं सहीचं पेन काढलं आणि बोटांत फिरवलं. ‘‘तुझ्या कायमची फाईल माझ्या टेबलावर आलीय, बरं का. शुक्रवारचं तेवढं नीट होऊ दे.’’

मुंजाबा बाहेर आला तेव्हा त्याच्या कानात वारं भरल्यासारखं झालं होतं. बावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते टेबलावर येऊन पडलं होतं, आणि मध्ये अक्काचा कोरडा ड्रम उभा होता. तो तडक उस्मानपुऱ्यात आला. खांद्यावर चावी नाही आणि पाळीचा दिवस नाही, असा तो बाईंच्या दारात पहिल्यांदाच उभा होता.

‘‘बाई, त्या पखालवाल्यानं पुढं काय केलं?’’

‘‘अहो, मी सांगितलं ना, पानं नाहीत.’’

‘‘तुमी लहानपणी वाचलंय. आठवा की वो.’’

बाईंनी चष्मा काढून डोळे मिटले. ‘‘नववीत होते मी. शेवट काही आठवत नाही. पण वाचून खूप हसले होते, एवढं आठवतं. आई रागावली होती, इतकी हसले.’’

मुंजाबाचा चेहरा उजळला. पोर पोट धरून हसली, म्हणजे राजाची फजितीच झाली असणार. आता ती कशी झाली एवढंच शोधायचं राहिलं. पखालवाला गरीब माणूस. राजाला नाही म्हटलं तर मुंडकं जायचं. मग त्यानं काय केलं असेल? दोन दिवस मुंजाबानं पाणी सोडता सोडता हाच विचार केला. दुसऱ्या दिवशी तो एका चेंबरवर बसल्या बसल्या एकटाच हसायला लागला. पखालवाल्यानं पखाल राजाच्याच खांद्यावर दिली असेल!

शुक्रवारी सकाळी दहाला मांडव भरला. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून खडकवस्तीतल्या बायांना पुरीभाजीचं पाकीट कबूल करून आणलं होतं. दगडाबाई पहिल्या रांगेत बसली होती आणि भावाकडं अशी बघत होती की त्याची नजर वर होईना. टाकीच्या खाली दोन चाकं होती. छोटं चाक कारंज्याचं आणि लेआऊटचं, मोठं वस्तीच्या लाईनचं. छोट्या चाकाला फीत आणि झेंडूचा हार बांधायचं काम मुंजाबाकडं होतं. दिवाणजी मंत्र्यांच्या गाडीकडं डोळे लावून उभे होते. मुंजाबानं मोठ्या चाकाला कपाळ टेकवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि फीत न् हार त्यालाच बांधले. बावीस वर्षं त्याच हारात बांधली जात होती, हे त्याला चांगलं कळत होतं.

मंत्र्यांनी फीत कापली, चाकाला हात लावला, फोटो झाला, आणि हात काढून घेतला. बाकीचे फेरे सर्जेरावांच्या वाट्याला आले.

‘‘अजून, साहेब,’’ मुंजाबा शेजारी अदबीनं म्हणाला. ‘‘मोठं काम हाय, जड जाणारच.’’

सर्जेरावांचा सदरा पाठीला चिकटला. टोपी कानावर आली. तीस फेरे झाले. सगळ्यांच्या माना कारंज्याकडं वळल्या होत्या. कारंजं ढिम्म. बँडवाल्यांनी एक गाणं संपवून तेच पुन्हा सुरू केलं.

तेवढ्यात दगडाबाईच्या कमरेचा फोन वाजला. रत्नमाला पलीकडून एवढ्यानं ओरडली की तीन रांगांना ऐकू गेलं.

‘‘आत्याबाई, नळ आला! धारच्या धार!’’

मग जे झालं ते बँडलाही आवरलं नाही. दगडाबाई उठली, तिच्यामागं पहिली रांग उठली, मग दुसरी. पदर खोचून, चपला हातात घेऊन दोनशे बाया वस्तीकडं पळत सुटल्या. पुरीभाजीची पाकिटं टेबलावर तशीच राहिली. मंत्र्यांसमोर मांडवभर खुर्च्या उरल्या, आणि एक म्हातारा उरला, त्याला ऐकू येत नव्हतं.

सारा प्रकार सर्जेरावांच्या ध्यानात आला. ते दात आवळून पुटपुटले, ‘‘बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर.’’

चाकाशेजारी स्टँडवर लावलेला माइक चालू होता, हे मुंजाबानं पाहिलेलं होतं. तो हात जोडून मोठ्यानं म्हणाला, ‘‘काय म्हनता साहेब? वस्तीचं पाणी बंद करू?’’

वार्ताहरांनी माना वळवल्या. मंत्र्यांनी भुवया वर केल्या. सर्जेरावांचा चेहरा दोनदा रंग बदलून शेवटी हसरा झाला. ‘‘नाय, नाय! चालू दे. चालू राहू दे!’’

मंत्री जुने खेळाडू होते. त्यांनी माइक घेतला आणि रिकाम्या खुर्च्यांना सांगितलं की कारंज्याआधी वस्तीची तहान भागवणारा असा लोकप्रतिनिधी आपण पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात सर्जेरावांचा फोटो आला, चाकाला लटकलेले आणि घामानं भिजलेले. खाली लिहिलं होतं, ‘स्वतःच्या हातांनी पाणी सोडले.’ वस्तीतल्या बायांनी त्यांच्या घरी जाऊन त्यांना ओवाळलं. दगडाबाईनं तर दृष्ट काढली. बिचारे सर्जेराव मुंजाबाला रागावणार तरी कसे? रागावायचं तर पाणी द्यायचं नव्हतं, असं तोंडानं कबूल करावं लागलं असतं.

पेन मात्र खिशातच राहिलं. फाईल टेबलावरून कपाटात गेली. पावसाळ्यानंतर मुंजाबाची उस्मानपुऱ्यातून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बदली झाली. त्याला वाईट वाटलंच. दिवाळीत त्यानं बायकोला सांगितलं की आता वाट बघायची नाही. पण खडकवस्तीत गेला की प्रत्येक दारात पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं यायचा, तोंडोतोंड भरलेला. तो तहान नसली तरी प्यायचा.

वर्षभरानं एका रविवारी सरोजिनीबाईंनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या भाचीला, नीरजाला, एका जुन्या वाचनालयात सुजलपूरची अख्खी प्रत सापडली होती. तिनं शेवटच्या पानांची झेरॉक्स पाठवली होती. मुंजाबा सायकलवरून आला, पायरीवर बसला, सवयीनं चेंबरकडं बघितलं आणि म्हणाला, ‘‘वाचा. राजाच्या खांद्यावर दिली ना पखाल?’’

बाईंनी आधी एकदा मनात वाचलं होतं. त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा निघाला नाही.

‘‘पखालवाला मध्यावर थबकला. त्याने घागरींकडे पाहिले, मग कारंज्याकडे पाहिले, व पखाल कारंज्यात रिती केली. कारंजे पुरुषभर उडाले. महाराजांनी प्रसन्न होऊन त्यास वंशपरंपरेने राजपखालवाल्याचा हुद्दा व चांदीचे बक्कल बहाल केले. ते बक्कल त्याने कमरेस बांधले तेव्हा त्याचे धोतर सुटले. त्याचे वंशज अद्यापि सरकारी सेवेत आहेत. समाप्त.’’

‘‘धोतराला हसले असणार मी,’’ बाई ओशाळून म्हणाल्या. ‘‘नववीतली पोर. बाकी काही कळलंच नसेल.’’

मुंजाबानं तो कागद हातात घेतला आणि बोट फिरवत शेवटची ओळ स्वतः वाचली. सावकाश, एकेक अक्षर. मग त्याचं पोट हलायला लागलं, खांदे हलायला लागले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसत राहिला.

‘‘वाळवीचे लई उपकार झाले, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘ही पानं तवाच वाचली असती, तर मी आज कायम झालो असतो.’’